बत्तीचा ताल आणि सूर्याची पिवळी रेषा

दिवाळीची सुट्टी संपली की कोल्हापूर जिल्ह्यातील शाळांच्या सहली कोकणात उतरू लागतात. गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडी, तळेरे या मार्गाने गाडी विजयदुर्गला पोहोचते. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. मुले तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेला प्रचंड किल्ला पाहतात, धक्क्यावर होड्यांतून मासळी उतरताना पाहतात, वाळूत खेळतात आणि रात्री उशिरा घरी परततात. दुसऱ्या दिवशी सहलीच्या वहीत 'किल्ला फार मोठा होता' आणि 'समुद्र खूप छान होता' अशी दोन वाक्ये पडतात.

विज्ञानाच्या शिक्षकाने मनावर घेतले तर याच सहलीतून पुष्कळ काही पदरात पडू शकते. विजयदुर्ग हे मासेमारीवर जगणारे छोटे गाव देवगड तालुक्यात आहे. तालुक्याचे ठाणे असलेल्या देवगडच्या किल्ल्यात १९१५ साली बांधलेले दीपगृह आहे. विजयदुर्गच्या किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' या नावाने ओळखले जाणारे ओटे आहेत. सूर्यग्रहणाच्या अभ्यासासाठी इंग्लंडहून आलेल्या एका शास्त्रज्ञाचे ते स्मारकच म्हणता येईल. आम्ही काही शिक्षकांनी ही दोन्ही ठिकाणे एकाच फेरीत जोडून पाहिली. तेव्हा लक्षात आले की, वरवर काहीच संबंध नसलेल्या या दोन जागा एकच प्रश्न विचारतात. दूरच्या एखाद्या वस्तूकडून आपल्यापर्यंत केवळ प्रकाश येत असेल, तर ती वस्तू कोणती हे कसे ओळखायचे?

दीपगृह काय सांगते?

दीपगृह कशासाठी असते असे मुलांना विचारले, तर 'जहाजांना उजेड दाखवायला' असे उत्तर येते. पण दीपगृह समुद्र उजळण्यासाठी नसते. अंधारात किनाऱ्याकडे येणाऱ्या तांडेलाला फक्त उजेड दिसून भागत नाही. तो उजेड देवगडचा, मालवणचा की रत्नागिरीचा, हे त्याला कळावे लागते. ओळख चुकली तर नौका भलत्याच खडकावर जाणार. म्हणजे नुसता दिवा पुरत नाही, दिव्याला नाव लागते आणि ते नाव प्रकाशातूनच सांगावे लागते.

यासाठी प्रत्येक दीपगृहाला ठरावीक ताल दिलेला असतो. एखादे दीपगृह दर दहा सेकंदांनी एकदा चमकेल, दुसरे लागोपाठ दोनदा चमकून मग बराच वेळ काळोख ठेवील, तिसऱ्याचा काळ आणखी वेगळा असेल. जवळपासच्या दोन बत्त्यांचे ताल सारखे नसतील अशी काळजी घेतली जाते. हे ताल दीपगृहांच्या छापील यादीत आणि सागरी नकाशांवर नोंदलेले असतात. खलाशी घड्याळ लावून चमक मोजतो, यादी पाहतो आणि समोर कोणते ठिकाण आहे हे ठरवतो. आज उपग्रहांच्या मदतीने होडीची जागा कळते. तरीही यंत्र बंद पडले की डोळे आणि घड्याळ एवढ्यावर चालणारी ही पद्धत कामास येते.

हा ताल येतो कुठून? फिरत्या भिंगाच्या जुन्या पद्धतीत मधला दिवा सतत जळत असतो आणि त्याच्या भोवतीची भिंगांची चौकट सावकाश फिरते. समजा, चौकटीला चार बाजूंना चार भिंगे आहेत आणि ती चाळीस सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. प्रत्येक भिंगातून एक झोत बाहेर पडतो. दूरच्या माणसावरून चाळीस सेकंदांत चार झोत सरकतात, म्हणून त्याला दर दहा सेकंदांनी एक चमक दिसते. दिवा विझत नाही आणि पेटतही नाही. हा मुद्दा मुलांना फार आवडतो. वर्गात बॅटरी हातात धरून जागच्या जागी गोल फिरले की तो चटकन समजतो.

थोड्या काचेत लांबचा पल्ला

उघड्या दिव्याचा प्रकाश सर्व दिशांना पसरतो. अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथा हिस्सा उरते, तिप्पट झाले की नववा हिस्सा. समुद्रावर असा दिवा काही उपयोगाचा नाही. वर आकाशाकडे आणि खाली जमिनीकडे वाया जाणारा प्रकाश क्षितिजाच्या दिशेने वळवायला हवा. मोठे भिंग हे काम करील, पण माणसाएवढे काचेचे भिंग इतके जाड आणि जड होईल की, काचेतच बराच प्रकाश शोषला जाईल.

ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने यावर तोड काढली. प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागापाशी, आतल्या जाडीत तो सरळच जातो. मग आतली जाडी हवी कशाला? फ्रेनेलने भिंगाचा वक्र पृष्ठभाग कड्याकड्यांनी कापून पातळ तावदानावर बसवल्यासारखी रचना केली. मधे छोटे भिंग आणि भोवती काचेची वलये. १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआँ दीपगृहात ती प्रथम बसली आणि पुढे जगभर पसरली. मुंबईजवळच्या खांदेरी बेटावरचे दीपगृह १८६७ सालचे, तर मुंबईचे प्राँग्ज दीपगृह १८७५ सालचे. फ्रेनेलच्या कल्पनेचा पातळ प्लॅस्टिकचा अवतार आज पुस्तक वाचण्याच्या चौकोनी भिंगात मिळतो. त्यावर बोट फिरवले की वलये हाताला लागतात.

दीपगृह उंच का बांधतात, याचे उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. डोळ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि ३.५७ ने गुणावे, म्हणजे क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये येते. पायथागोरसच्या सिद्धांताने नववी-दहावीची मुले हे सूत्र स्वतः मांडू शकतात. समुद्रसपाटीपासून ३६ मीटर उंचीवरच्या दिव्याचे क्षितिज ३.५७ × ६, म्हणजे सुमारे २१.४ किलोमीटरवर असते. होडीतल्या माणसाचा डोळा पाण्यापासून ४ मीटर उंच असेल, तर त्याचे क्षितिज सुमारे ७.१ किलोमीटरवर. दोहोंची बेरीज साडेअठ्ठावीस किलोमीटर. त्यापलीकडे दिवा कितीही प्रखर असला तरी तो पाण्याच्या फुगवट्याआड जातो. वातावरणात प्रकाश किंचित वाकत असल्यामुळे प्रत्यक्ष पल्ला थोडा अधिक भरतो. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांच्या जागी दीपगृहे का आली, हेही यातून उमगते. टेहळणीला जी उंची सोयीची, तीच दिव्यालाही सोयीची.

मूलद्रव्यांची दीपगृहे

आता विजयदुर्गकडे वळू. बत्तीची ओळख तिच्या तालावरून पटते, तशी मूलद्रव्यांची ओळख त्यांच्या वर्णरेषांवरून पटते. सूर्यप्रकाश अरुंद फटीतून नेऊन लोलकातून पाठवला की, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा वर्णपट मिळतो. एखादा वायू तापवला किंवा त्यातून वीज खेळवली, तर सगळा पट्टा न मिळता ठरावीक जागी ठरावीक रंगांच्या रेषा उमटतात. मिठाचा कण ज्योतीत टाकला की ज्योत पिवळी होते. तो पिवळा रंग सोडियमचा आणि वर्णपटदर्शकातून पाहिले तर त्यात अगदी शेजारी शेजारी दोन रेषा दिसतात. त्यांना डी-१ आणि डी-२ म्हणतात. प्रत्येक मूलद्रव्याचा रेषांचा संच वेगळा असतो. किरखोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९-६० साली हे पक्के केले. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा म्हणजे तेथील वायूंनी शोषलेल्या प्रकाशाच्या खुणा, हेही त्यांनी दाखवले. पंधरा कोटी किलोमीटर दूर असलेल्या सूर्यात सोडियम आहे, लोह आहे, हे तिथे न जाता सांगता येऊ लागले.

मात्र सूर्याच्या तेजस्वी पृष्ठभागावर असलेला वायूचा पातळ थर, म्हणजे वर्णावरण, आणि त्यातून उसळणाऱ्या सौरज्वाला एरवी दिसत नाहीत. सूर्याचा झगमगाट त्यांना झाकून टाकतो. खग्रास सूर्यग्रहणात चंद्र सूर्यबिंब पूर्ण झाकतो, तेव्हा काही मिनिटे त्या उघड्या पडतात. या ज्वाला कशाच्या बनलेल्या आहेत? वर्णपटदर्शक हाती आल्यावर शास्त्रज्ञ मोठ्या खग्रास ग्रहणाची वाट पाहू लागले. असे ग्रहण १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतावरून जाणार होते.

१८६८ : घाटमाथ्याच्या पूर्वेला

त्या ग्रहणाचा खग्रास पट्टा कोकण किनारा ओलांडून पूर्वेला गेला. विजयदुर्ग त्यात होते, कोल्हापूरही होते. पुढे जमखंडी, विजापूर, गुंटूर आणि मछलीपट्टण. आपल्या जिल्ह्यातील मुलांना हे मुद्दाम सांगावे. त्या दिवशी सकाळी कोल्हापुरावरून चंद्राची गडद सावली गेली.

निरीक्षकांनी मात्र मुक्काम ठोकला तो कोल्हापूरच्याही पूर्वेला. रॉयल सोसायटीच्या वतीने आलेले लेफ्टनंट जॉन हर्शल हे थोर खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शल यांचे नातू. ते पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात उतरले. कॅप्टन हेग विजापुरात होते. मेजर टेनंट आणि फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला, तर मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला. त्याच वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला गेले होते. कारण उघड आहे. ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा. गगनबावड्याला त्या दिवसांत काय धो धो पाऊस असतो, हे आपल्या मुलांना सांगायला नको. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत ढग विरळ असण्याची आशा तरी होती. तिथेही जमखंडीत हर्शल यांना ढगांनी सतावलेच. तरी ढगांच्या फटींतून त्यांना सौरज्वालेच्या वर्णपटात लाल, नारिंगी आणि निळी अशा तीन ठळक रेषा दिसल्या.

सगळ्यांची निरीक्षणे साधारण जुळत होती. रेषा तेजस्वी होत्या, म्हणजे सौरज्वाला तप्त वायूच्या होत्या. लाल आणि निळी रेषा हायड्रोजनच्या. आणि पिवळसर रेषा? ती सोडियमच्या डी रेषांच्या जागी किंवा अगदी जवळ होती. घाईत पाहणाऱ्याने ती सोडियमची समजावी यात नवल नव्हते. जान्सेन यांचे लक्ष तर दुसऱ्याच गोष्टीने वेधले. या रेषा इतक्या तेजस्वी आहेत की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी उघड्या सूर्याच्या कडेवर वर्णपटदर्शक रोखला आणि रेषा पुन्हा दिसल्या. ग्रहणाची वाट न पाहता सूर्याचा अभ्यास करण्याची वाट मोकळी झाली.

लंडनमधील एक कारकून

याच कल्पनेवर इंग्लंडमध्ये आणखी एक जण काम करीत होता. जोसेफ नॉर्मन लॉकियर. वय ३२, नोकरी युद्धखात्यात कारकुनाची, खगोलशास्त्र हा फावल्या वेळचा ध्यास. चांगला वर्णपटदर्शक बनवून घेण्यात त्यांचा बराच काळ गेला आणि तो हाती आला १६ ऑक्टोबर १८६८ रोजी. ग्रहण होऊन दोन महिने झाले होते. २० ऑक्टोबरला त्यांनी लंडनमधूनच, ग्रहणाविना, सौरज्वालेच्या रेषा पाहिल्या. जान्सेन यांचे भारतातून निघालेले पत्र आणि लॉकियर यांच्या शोधाची वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला आली. फ्रेंच सरकारने १८७२ साली दोघांच्या मुखाकृती असलेले पदक काढले.

पिवळ्या रेषेची खरी चिकित्सा लॉकियर यांनी केली. मोजमाप केल्यावर ती सोडियमच्या दोन्ही रेषांपासून निश्चितपणे बाजूला निघाली. तिला डी-३ असे नाव पडले. आजच्या एककांत सोडियमच्या रेषा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरवर आहेत, डी-३ आहे ५८७.६ नॅनोमीटरवर. फरक किती बारीक आहे याची कल्पना मुलांना द्यायची तर एक ३० सेंटिमीटरची पट्टी घ्यावी. तिचे शून्य म्हणजे ४०० नॅनोमीटर आणि शेवट म्हणजे ७०० नॅनोमीटर, असे मानले की दृश्य प्रकाश बहुतेक सगळा पट्टीवर मावतो आणि एक मिलिमीटर म्हणजे एक नॅनोमीटर होतो. सोडियमच्या रेषा १८९.० आणि १८९.६ मिलिमीटरवर येतील, डी-३ येईल १८७.६ वर. सगळ्या पट्टीत दीड-दोन मिलिमीटरचा फरक! देवगड आणि मालवणच्या बत्तीचे ताल जवळजवळ सारखे असते तर तांडेलाची जी गत झाली असती, तीच इथे निरीक्षकांची झाली. सुटका झाली ती काटेकोर मोजमापामुळे.

रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासह लॉकियर यांनी हायड्रोजन निरनिराळ्या परिस्थितीत चमकवून पाहिला. पिवळी रेषा काही उमटेना. प्रयोगशाळेतील कोणत्याही पदार्थात ती सापडेना. मग सूर्यात नवेच मूलद्रव्य असावे. सूर्याच्या 'हेलिओस' या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले जाऊ लागले. १८७१ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी आपल्या अध्यक्षीय भाषणात हे नाव उच्चारले. अनेकांना मात्र ही कल्पना पटली नव्हती. केवळ एका रेषेवरून मूलद्रव्य कसे मानायचे?

उत्तर मिळायला सत्तावीस वर्षे लागली. मार्च १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांनी क्लिव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर आम्ल टाकून निघालेला वायू तपासला, तेव्हा वर्णपटात तीच पिवळी रेषा झळकली. क्रुक्स यांनी मोजून खात्री केली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये क्लेव्ह आणि लँगलेट यांनीही स्वतंत्रपणे हा वायू मिळवला. युरेनियमच्या खनिजात हेलियम का असतो, हे किरणोत्सर्गाचा उलगडा झाल्यावर कळले. युरेनियमसारख्या जड अणूंमधून बाहेर पडणारा अल्फा कण म्हणजे हेलियमचा अणुगर्भच.

मग विजयदुर्गचे कट्टे कशाचे?

इथे शिक्षकाने सावध व्हावे. 'लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ रोजी विजयदुर्गच्या किल्ल्यावरून ग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला' असे लेखांतून आणि भाषणांतून वारंवार सांगितले जाते. गेली काही वर्षे १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. विज्ञानातील एका शोधासाठी भर पावसात गावकरी आणि विद्यार्थी किल्ल्यावर जमतात, ही मोठी कौतुकाची गोष्ट आहे. पण वरील विधान तपासून पाहायला हवे आणि ते मुलांनीच तपासावे असे आम्हाला वाटते.

पुरावे असे मांडता येतात. पहिला : लॉकियर यांच्याकडे लागणारे उपकरणच ऑक्टोबरमध्ये आले आणि त्यांनी रेषा पाहिल्या त्या लंडनमधून, ग्रहण नसताना. दुसरा : १८६८ च्या निरीक्षकांची नावे आणि ठिकाणे नोंदलेली आहेत, त्यांत भारतात आलेले लॉकियर नाहीत. तिसरा : ऑगस्टच्या मध्यावर कोकण किनाऱ्यावर आकाश निरभ्र मिळण्याची आशा कोण धरील? चौथा आणि निर्णायक : लॉकियर विजयदुर्गला नक्की आले होते, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्या निरीक्षणांचा वृत्तान्त त्यांनी कॅप्टन चिझम-बॅटन आणि प्राध्यापक पेडलर यांच्यासह रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकातच विजयदुर्गचे नाव आहे.

घोटाळा होण्यासारखी परिस्थितीही होती. कोणत्याही एका ठिकाणाहून खग्रास ग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा दिसते. विजयदुर्गच्या वाट्याला तीस वर्षांत दोन आली. भर म्हणून लॉकियर त्याआधी १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठीही भारतात येऊन गेले होते. त्या वेळी त्यांचा तळ होता तो विजयदुर्गच्या खूप दक्षिणेला, आजच्या केरळातील बेकल इथे आणि तिथेही समुद्रकाठी किल्ला आहे. एक माणूस, तीन ग्रहणे, दोन किनारी किल्ले. लोकांच्या आठवणीत हे धागे एकमेकांत गुंतले असल्यास नवल नाही.

१८९८ : दोन मिनिटांची तयारी

मग कट्ट्यांचे महत्त्व कमी होते का? मुळीच नाही. १८९८ ची खरी हकीकत अधिक शिकवणारी आहे.

लॉकियर आता ६१ वर्षांचे होते. 'नेचर' हे साप्ताहिक त्यांनी १८६९ साली सुरू केले होते. ते सर नॉर्मन झाले होते. हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे होत होती, म्हणजे त्यांचे म्हणणे खरे ठरले होते. मुंबई इलाख्यात प्लेगचे दिवस होते. किल्ल्यात निरीक्षणाचा तळ पडला. ब्रिटिश नौदलाच्या 'मेल्पोमीन' जहाजावरील खलाशी मदतीला होते. दुर्बिणी आणि कॅमेरे हलू नयेत म्हणून भक्कम ओटे लागतात. गावकऱ्यांच्या तोंडी 'साहेबाचे कट्टे' म्हणून राहिले ते हेच.

खग्रास अवस्था होती जेमतेम दोन मिनिटे. तेवढ्यात कोणी तबकडी बदलायची, कोणी सेकंद मोजून सांगायचे, कोणी सूर्याच्या किरीटाचे चित्र काढायचे, हे सगळे आधी ठरवून खलाशांकडून पुन्हा पुन्हा घटवून घ्यावे लागले. विज्ञान म्हणजे एकट्या बुद्धिमंताची चमक नव्हे, शिस्तीने केलेले सामूहिक काम असते, हे सांगायला याहून चांगला दाखला शोधावा लागणार नाही.

लॉकियर यांचे मुख्य साधन होते लोलक-कॅमेरा. भिंगाच्या पुढेच मोठा लोलक बसवायचा आणि फट ठेवायचीच नाही. फटीशिवाय रेषा कशा मिळणार? खग्रास सुरू होताना आणि संपताना काही क्षण वर्णावरणाची बारीक कोर तेवढी उघडी राहते. ती कोरच फटीचे काम करते. म्हणून छायाचित्रात सरळ रेषांऐवजी चंद्रकोरीसारख्या कमानी उमटतात. प्रत्येक रंगाची एक कमान आणि प्रत्येक कमान एका मूलद्रव्याची खूण. डी-३ ची कमानही त्यांतलीच. सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात हेलियमची ही काळी रेषा का आढळत नाही, याचेही उत्तर इथे आहे. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान हेलियमच्या अणूंना या रेषेसाठी लागणाऱ्या उत्तेजित अवस्थेत नेण्यास पुरेसे नसते. वर्णावरणात ती स्थिती मिळते. म्हणूनच हेलियम सूर्यात भरपूर असूनही किरखोफला तो दिसला नव्हता.

त्याच दिवशी चंद्राची सावली विजयदुर्गावरून ईशान्येला गेली. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या उपकरणांसह सज्ज होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभारलेल्या पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे ते प्रमुख. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हेही जेऊरलाच होते. वऱ्हाडात तळणी इथे ॲनी माँडर यांनी किरीटाचे दूरवर पसरलेले किरण टिपले. विजयदुर्गच्या कट्ट्यांविषयी सांगताना जेऊरचे आणि नायगमवालांचे नाव सांगायला विसरू नये. साहेबाइतकाच त्या ग्रहणावर त्यांचाही हक्क आहे.

शोध नेमका कधी लागला?

हेलियमच्या शोधाची तारीख कोणती, असा प्रश्न परीक्षेत विचारला तर काय लिहावे? १८ ऑगस्ट १८६८ ला पिवळी रेषा अनेकांनी पाहिली, पण ती कशाची हे कोणी ओळखले नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आणि त्यानंतर लॉकियर यांनी ती सोडियमपासून वेगळी काढली. १८७१ मध्ये नाव मिळाले. १८९५ मध्ये वायू हाती आला. यांतले एक पाऊल वगळले तरी शोध पुरा होत नाही. दिसणे, मोजणे, नाव देणे आणि पडताळणे अशा चार पायऱ्यांवरून हेलियम पृथ्वीवर उतरला. एका दिवसावर आणि एका माणसावर सगळे श्रेय टाकले की लक्षात ठेवणे सोपे जाते, पण विज्ञान कसे घडते हे मात्र हातातून निसटते.

स्मारकापुढे उभे राहून मुलांना खोटी गोष्ट सांगू नये, एवढ्यापुरताच हा आग्रह नाही. लॉकियर यांनी पिवळी रेषा जवळजवळ सोडियमच्या जागी आहे म्हणून सोडियमची मानली नाही. १८९८ ही गोष्टही जवळजवळ १८६८ सारखीच आहे म्हणून १८६८ ची मानणे त्यांच्या स्मारकाला शोभणारे नाही.

सहलीत आणि वर्गात

ज्यांना ही सहल काढायची आहे त्यांच्यासाठी काही सूचना. दीपगृह पाहण्याच्या वेळा आणि परवानगीची चौकशी आधी करावी.

१. देवगडला सूर्यास्तानंतर थांबता आले, तर बत्तीचा ताल मुलांनीच घड्याळ लावून मोजावा. दहा चमकांचा एकूण वेळ घेऊन सरासरी काढावी. प्रत्येक गटाचे उत्तर किती वेगळे येते आणि का, यावर चर्चा घ्यावी.

२. किनाऱ्यावर उभे राहून आणि किल्ल्याच्या तटावर उभे राहून क्षितिज किती दूर असेल, याचे गणित तिथेच वहीत करावे. दूर जाणाऱ्या होडीचा कोणता भाग आधी दिसेनासा होतो, याकडे लक्ष द्यावे.

३. जुनी सीडी आणि पुठ्ठ्याचा खोका वापरून, एका बाजूला अरुंद फट ठेवून, साधा वर्णपटदर्शक करावा. ट्यूबलाइट, एलईडी दिवा आणि साधा पिवळा बल्ब यांचे वर्णपट पाहून चित्रे काढावीत. सीडीतून सूर्याकडे मात्र मुळीच पाहू देऊ नये, डोळ्यांना कायमची इजा होईल.

४. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत मिठाचा कण धरून सोडियमचा पिवळा रंग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा. जवळच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हेलियमची विसर्जन नळी असेल, तर मोठ्या विद्यार्थ्यांना तिथे न्यावे. आधी सोडियमची आणि मग हेलियमची पिवळी रेषा पाहिली की पट्टीवरचे ते दोन मिलिमीटर डोळ्यांना पटतात.

५. सहलीआधी वर्गात फळ्याचे दोन भाग करावेत. एकीकडे '१८६८', दुसरीकडे '१८९८'. कट्टे कोणत्या सालचे असावेत, याच्या बाजूने मिळेल तो पुरावा मुलांनी त्या त्या रकान्यात लिहावा. ग्रहणाचा महिना, त्या महिन्यातला पाऊस, उपकरण मिळाल्याची तारीख, निरीक्षकांची ठिकाणे. निकाल शिक्षकांनी सांगू नये. फळा भरला की मुले तो आपापसांत ठरवतात, आणि मग किल्ल्यावर पोहोचल्यावर कट्टे दाखवून त्यांची हकीकत सांगण्याचे काम त्यांच्यातल्याच एखाद्याला द्यावे.